बंद केलेले औषध

ज्या व्यक्तीविषयी मी लिहीत आहे ती माझी धाकटी बहीण आहे. मी जाते त्या प्रौढांच्या लेखनवर्गाच्या शिक्षिकेने ओळखीच्या एका माणसाविषयी लिहिण्यास सांगितले, तेव्हा पुष्कळांनी मोठी माणसे निवडली. मी हिला निवडले, कारण हिच्याविषयी मला दुसऱ्या कोणाला काही विचारावे लागणार नव्हते. लिहून झाल्यावर मी तिला सर्व वाचून दाखवले. तिने एक औषध आणि दोन आकडे दुरुस्त केले, व कौतुक काढून टाकण्यास सांगितले. जेवढे काढता आले तेवढे मी काढले आहे.

आमची आई गेली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि धाकटी नऊ वर्षांची. मी एका मोठ्या लॉन्ड्रीमध्ये चादरींना इस्त्री करण्याच्या कामास लागले. धाकटी शाळा सुटल्यावर तेथेच येऊन चादरींच्या गठ्ठ्यावर बसून अभ्यास करीत असे. ती मोठ्याने वाचत असे व मी ऐकत असे. पुढे तिला नर्सिंगच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. तिच्या गणवेशाला इस्त्री मीच करीत होते. घडीने बोट कापले पाहिजे अशी इस्त्री तिला लागत असे, आणि कापले नाही तर ती गणवेश परत माझ्यासमोर आणून टाकीत असे. तो स्वभाव तिचा अद्याप गेलेला नाही.

तिचे लग्न राहून गेले. कोणी विषय काढला, तर आपले लग्न वॉर्डाशी लागले असून मेट्रन ही आपली सासू आहे, असे ती सांगते. माझे यजमान वारल्यानंतर तिने मला आपल्याकडे आणले, त्यास आता नऊ वर्षे झाली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. तिचे पांढरे बूट दाराबाहेर असले म्हणजे ती घरात आहे, आणि नसले म्हणजे कामावर आहे, हे शेजाऱ्यांनाही ठाऊक आहे.

गेली बावीस वर्षे ती अतिदक्षता विभागात काम करते. त्या विभागात बारा खाटा आहेत. प्रत्येक खाटेभोवती यंत्रे असतात, आणि रुग्णाच्या मानेत, मनगटात व नाकात नळ्या असतात. रुग्ण बहुधा बोलत नाहीत. म्हणून त्यांच्या वतीने आकडे बोलतात, असे ती म्हणते. तेथे तिला सर्व जण मोठ्या सिस्टर म्हणतात. पाठीमागे नव्या मुली तिला घड्याळबाई म्हणतात, आणि हे तिला ठाऊक आहे.

हे नाव कशावरून पडले ते सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व गोष्ट त्यातूनच घडली.

रुग्णाच्या शिरेत जी नळी घालून ठेवलेली असते, तिच्या टोकाशी रक्त गोठले तर ती बंद पडते. मग दुसरी घालावी लागते व आधीच जर्जर झालेल्या माणसाला पुन्हा टोचावे लागते. तसे होऊ नये म्हणून दर चार तासांनी सिरिंजने थोडे पाणी आत ढकलून नळी धुतात. त्या पाण्यात हेपॅरिन नावाचे औषध अगदी थोडे मिसळलेले असते. हेपॅरिनमुळे रक्त गोठत नाही. मनगटातील नळीला तर त्याच पाण्याची एक पिशवी कायम जोडलेली असते, व तिच्यातून ते थेंबाथेंबाने आत जात राहते. धाकटी रोज सकाळी सात वाजता कामावर गेली की प्रथम एका ट्रेमध्ये दिवसभराच्या सिरिंजा भरून ठेवीत असे. आठ वाजता एकदा व बारा वाजता एकदा ती स्वतः बाराही खाटांवरील नळ्या धुवीत असे. चार वाजता संध्याकाळच्या पाळीची सिस्टर तेच करी. मिनिटभरही उशीर झालेला तिला खपत नसे. तिच्या पाळीत नळी बंद पडल्याचे कोणाला आठवत नाही. मोठे डॉक्टर बाहेरून आलेल्या पाहुण्यांना तो ट्रे मुद्दाम दाखवीत असत.

मागील वर्षी तिची निवृत्ती अकरा महिन्यांवर आली होती. पाय सुजत असत. साडेतीन वाजता ती घरी येई, बूट काढी, आणि जेवण्यापूर्वी खुर्चीवर पाच मिनिटे नुसती बसून राही. त्या पाच मिनिटांत तिच्याशी बोलायचे नाही, असा आमच्या घरचा नियम आहे.

त्या सुमारास सातव्या खाटेवर शिवणयंत्रे दुरुस्त करणारा एक कारागीर होता. वय पन्नाशीच्या आतबाहेर. न्यूमोनिया होऊन विष सर्व शरीरात पसरले होते, व श्वास यंत्रावर चालू होता. त्याची पत्नी बाहेरच्या बाकावर बसलेली असे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत असे, की हे पायाने चालवून पाहिल्याशिवाय एकही यंत्र गिऱ्हाइकाला परत देत नाहीत. दुकानात विजेवर चालणारी यंत्रे आली, तरी यांचे प्रेम पायाने चालणाऱ्यांवरच. धाकटीने मला हे तीन वेळा सांगितले, म्हणून माझ्याही लक्षात राहिले.

पाच दिवसांनी त्याचा ताप उतरू लागला. सहाव्या दिवशी मात्र त्याच्या प्लेटलेट कमी झाल्या. प्लेटलेट म्हणजे रक्तातील अगदी बारीक कण, जे जखम झाली की एकमेकांना धरून रक्त थांबवितात. आला तेव्हा त्या दोन लाख चाळीस हजार होत्या. सहाव्या दिवशी एक लाख दहा हजार झाल्या, व आठव्या दिवशी चौऱ्याऐंशी हजार.

इतक्या आजारी माणसात त्या कमी होण्याची कारणे डझनभर असतात, असे धाकटीने मला समजावले. जंतू त्या खातात. औषधेही त्या खातात, आणि त्या माणसाला तर अकरा औषधे चालू होती. म्हणून डॉक्टर एकेका औषधावर संशय घेत होते. चोरी झाल्यावर घरातल्या प्रत्येक नोकराला उभे करतात, तसे. प्रथम एक जंतुनाशक बदलले. फरक पडला नाही. नवव्या दिवशी सकाळी साडेसातच्या राउंडमध्ये चष्मेवाल्या तरुण डॉक्टरांनी हेपॅरिनवर बोट ठेवले. पायात गुठळी होऊ नये म्हणून ते दिवसातून दोनदा पोटात टोचले जात होते. काही थोड्या माणसांचे शरीर पाच-सहा दिवसांनी या औषधाशी वैर धरते. त्या भांडणात प्लेटलेट संपतात, आणि संपता संपता एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात. म्हणजे जे औषध गुठळी होऊ नये म्हणून द्यायचे, त्यानेच गुठळी होते. डॉक्टरांनी चार्टवर तांबड्या शाईने लिहिले, 'हेपॅरिन बंद', आणि खाली दोन रेघा मारल्या. रक्त न गोठण्यासाठी दुसऱ्या प्रकारचे औषध चालू केले. एक तपासणीही पाठविली, परंतु ती दुसऱ्या शहरात होत असल्याने उत्तरास सहा दिवस लागणार होते.

औषध बंद केले की आकडा वर येतो, असे सर्वांना अपेक्षित होते. त्या दिवशी तो बासष्ट हजार होता. दुसऱ्या दिवशी एक्कावन्न झाला. त्यानंतर त्रेचाळीस, आणि बाराव्या दिवशी छत्तीस.

अकराव्या दिवशी त्याच्या डाव्या पायाची बोटे काळीनिळी पडली. बाराव्या दिवशी सकाळी सर्जन आले. त्यांनी पाऊल हाताळून पाहिले व सांगितले की दोन दिवस वाट पाहू, रंग वर चढला तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. हेपॅरिन तर बंदच आहे, तेव्हा कारण दुसरेच असले पाहिजे, असे सर्वांचे मत पडू लागले होते. मोठ्या डॉक्टरांनी हेपॅरिनचा संशय सोडून पुन्हा जंतूंकडे वळण्याचे ठरविले. त्या पत्नीला हे सर्व सांगण्याचे काम धाकटीकडे आले. ती बाई ऐकून घेऊन फक्त एवढेच विचारीत राहिली, की डावा का? यंत्र चालवताना यांचा जोर डाव्याचाच असतो.

त्या दिवशी धाकटी घरी आली आणि पाच मिनिटांऐवजी पंधरा मिनिटे बसून राहिली. मी ताटे वाढली. आम्ही जेवावयास बसलो तेव्हा चार वाजण्यास पंधरा मिनिटे कमी होती.

आता मला माझ्या एका चुकीविषयी लिहावे लागत आहे. माझा रक्तदाब वाढलेला असल्याने डॉक्टरांनी माझे मीठ महिन्यापूर्वी बंद केले होते. मी ते प्रामाणिकपणे बंद केले होते. मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवली होती, आणि भाजी अळणी खात होते. तरी दर रविवारी धाकटी रक्तदाब मोजत असे व तो जेथल्या तेथे असे. ती मला विचारी, आणि मी सांगे की मीठ बंद आहे. त्यावर ती म्हणे, की मग तुझे डोकेच तापट असणार, त्याला औषध नाही.

त्या दिवशी तिने आमटी न कालवता नुसत्या भाताचाच पहिला घास घेतला व थांबली.

"ताई, भातात मीठ आहे."

मी म्हणाले, "ते भाताच्या पाण्यातलं. मीठ मी कधीच बंद केलंय."

"भाताच्या पाण्यात कोण घालतं?"

"घालतं कोण म्हणजे? पाणी ठेवलं की चिमूटभर पडतंच. ते काय मीठ खाणं झालं?"

यावर ती हसू लागली. दमलेल्या माणसाला हसू आले की ते आवरत नाही, तसे. "धन्य आहेस. बरणी फळीवर चढवलीस, अळणी भाजी खाऊन मला तोंडं करून दाखवलीस, आणि रोज दोन वेळा पाण्यातनं खातेयस. तुझ्या लेखी ते मीठच नाही. ते आपलं पाणी. बंद म्हणजे काय गं तुझं, नुसतं—"

ती मध्येच थांबली. हसू तोंडावर तसेच राहिले होते, पण डोळे माझ्याकडे नव्हते. मला वाटले घास अडकला. मी पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो हातानेच बाजूला सारला व भिंतीवरील घड्याळाकडे पाहिले. चारला सात मिनिटे कमी होती.

"चारची धुणार ती," ती म्हणाली.

उष्ट्या हातानेच तिने फोन घेतला. वॉर्डातील फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदाही उचलला नाही. संध्याकाळच्या पाळीच्या सिस्टरला तिनेच शिकविले होते की चारच्या दहा मिनिटे आधी सुरुवात करायची व नळ्या धुताना फोनला हात लावायचा नाही. तिसऱ्या वेळी सफाईच्या मावशींनी उचलला. धाकटीने त्यांना सांगितले की सिस्टरला हाक मारा, ती जिथे असेल तिथून, आणि तिच्या हातात सिरिंज असली तर ती आधी खाली ठेवायला सांगा.

सिस्टर फोनवर आली. धाकटी म्हणाली, "कितव्या खाटेवर आहेस?"

पाचवी झाली होती. सहावी चालू होती.

"सातवीला हात लावू नकोस. त्याच्या मनगटाची पिशवी काढ, आत्ताच्या आत्ता. नुसतं सलाइन लाव. ट्रेमधलं काहीही त्याच्या अंगात जाता कामा नये. चष्मेवाल्यांना बोलाव, सांग की हेपॅरिन बंद झालेलंच नाही. मी येतेय."

मग तिने हात धुतले, तोच गणवेश पुन्हा घातला व बूट चढविले. सुजलेले पाय बुटात जाईनात, म्हणून मी खाली बसून नाड्या सैल केल्या. मला तेव्हा सर्व समजलेले नव्हते. मी विचारले, की काय झाले? ती म्हणाली, "चार दिवस झाले. रोज दोनदा. आठ वेळा मी माझ्या हातानं दिलंय त्याला." एवढे बोलून ती जिना उतरून गेली. ताट तसेच राहिले. तो भात मी टाकून दिला.

झाले होते ते असे. डॉक्टरांनी चार्टवर बंद केले ते पोटात टोचण्याचे हेपॅरिन. नळ्या धुण्याचे पाणी चार्टवर लिहिण्याची पद्धतच नव्हती, कारण त्याला कोणी औषध मानीत नव्हते. ते वॉर्डाचे रोजचे काम होते, जसे खाटा पुसणे किंवा चादरी बदलणे. म्हणून ज्याने बंद केले त्याला ते दिसले नाही, आणि जिने धुतले तिलाही दिसले नाही. दुसऱ्या एखाद्या वॉर्डात, जेथे सिस्टर आळशी असतात व चारपैकी दोनदा धुणे विसरतात, तेथे त्या माणसाला याहून कमी हेपॅरिन मिळाले असते. हे वाक्य माझे नाही. हे तिने मला त्या आठवड्यात एकदा सांगितले, व पुन्हा कधी सांगितले नाही.

चष्मेवाल्या डॉक्टरांनी ऐकून चार्ट हातात घेतला व पुन्हा वाचला. त्यांनी कानांवर हात ठेवले नाहीत, हे मी आवर्जून लिहिते. आपण आदेश लिहिताना पिशवी डोळ्यांसमोर लोंबत होती, असे ते स्वतःच म्हणाले. हेपॅरिनचा लेप असलेली मानेतील नळीही त्यांनी काढून दुसरी घातली.

त्यानंतर मेट्रन आल्या. विभागात एक नोंदवही असते, जिच्यात चुका लिहावयाच्या असतात. धाकटीने ती उघडलेली पाहून मेट्रनने तिला बाजूला घेतले. त्या वाईट बाई नाहीत. त्यांनी सांगितले की नळी बदलली, पिशवी बदलली, एवढे लिहिले तरी पुरे. अकरा महिने राहिले आहेत. शेवटच्या वर्षी विभागप्रमुख म्हणून तुमचे नाव पुढे गेले आहे. कुणाला काय कळणार आहे?

धाकटी म्हणाली, "सातव्या खाटेचं नसेल कळलं, तर आठव्या खाटेचंही कळणार नाही."

तिने पूर्ण लिहिले. चार दिवस, दर चार तासांनी, त्यांपैकी आठ वेळा स्वतःच्या हाताने. पिशवी वेगळी. ट्रे स्वतः भरलेला. खाली सही केली. तिच्या सहीखाली चष्मेवाल्यांनी आपली सही केली. त्यासाठी तिने त्यांना सांगितले नव्हते.

मग ती बाहेर बाकाकडे गेली. हा भाग तिने मला फार थोडक्यात सांगितला. जे चार दिवसांपूर्वी बंद झाले असे तुम्हाला सांगितले होते ते चालूच होते, आणि ते माझ्या हातून गेले, असे तिने त्या पत्नीला उभ्यानेच सांगितले. ती बाई बराच वेळ आपल्या पिशवीच्या बंदाशी चाळा करीत राहिली. धाकटीला वाटले ती ओरडेल, आणि ओरडली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, "आता तरी खरंच बंद आहे ना? मला दाखवा."

नातेवाइकांना त्या वेळी आत सोडत नाहीत. धाकटीने तिला आत नेले. नवी पिशवी दाखविली, तिच्यावरील अक्षरे बोट ठेवून वाचून दाखविली, मानेची नळी दाखविली. रिकामा केलेला ट्रेही दाखविला. ती बाई पायापाशी गेली आणि चादर वर करून बोटांकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी आकडा अडतीस हजार होता. एवढ्याने काही ठरत नाही, असे धाकटी म्हणाली, व त्या दिवशीही जेवली नाही. मी भात अळणी केला होता. त्याच्या पुढच्या दिवशी पंचावन्न झाला. सर्जन आले, त्यांनी रंग वर चढला नसल्याचे पाहिले व आणखी दोन दिवस थांबण्यास तयार झाले. मग त्र्याऐंशी झाला. दुसऱ्या शहरातून तपासणीचे उत्तर आले, त्यात हेपॅरिनशी वैर असल्याचे नक्की झाले. आठवड्याने आकडा एक लाख साठ हजारांवर गेला. पाय राहिला. डाव्या पायाची शेवटची दोन बोटे मात्र वाचली नाहीत, ती काढावी लागली.

चौकशी झाली. तीन माणसांनी तिला एकच प्रश्न तीन प्रकारे विचारला. शिक्षा झाली नाही, पण विभागप्रमुख म्हणून नाव दुसरीचे लागले. त्याविषयी ती एवढेच म्हणाली की बरे झाले, विभागप्रमुखाच्या खोलीत पंखा नीट फिरत नाही. आता तेथे नळ्या साध्या सलाइनने धुतात. आणि ज्याचे हेपॅरिन बंद करतात त्याच्या खाटेला तांबडे कार्ड लावतात. त्यावर औषधाचे सर्व मार्ग लिहिलेले असतात, व प्रत्येकापुढे खूण केल्याशिवाय औषध बंद झाले असे मानीत नाहीत. कार्डाचा मजकूर तिने आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिला. त्या वेळी मी समोर वाटाणे सोलत होते, व तिने मला दोनदा विचारले की आणखी कुठून जाऊ शकते. मला काय सांगता येणार? तरी मी विचार करून सांगितले, की दुसऱ्या पाळीच्या हातून.

तिने तेही लिहिले.

तीन महिन्यांनी तो कारागीर तपासणीसाठी रुग्णालयात आला. खालच्या मजल्यावरून निरोप आला म्हणून धाकटी गेली. तो बाकावर पत्नीशेजारी बसला होता, हातात काठी होती. बेशुद्धीत असल्याने त्याने तिला पूर्वी पाहिलेले नव्हते. पत्नीने सांगितले, की याच त्या. त्याने डावा बूट काढला, मोजा काढला, आणि पाय तिच्यासमोर धरला.

"तीन उरलीत," तो म्हणाला. "चालवून बघितलं. टाच आणि तीन बोटं, तेवढ्यात मशीन चालतं. पहिल्यासारखा वेग नाही."

पत्नी म्हणाली, "वेग नसला म्हणजे गिऱ्हाइकाला सांगतात, मशीनच जुनं झालंय."

धाकटी खाली वाकून पाऊल पाहत होती. घरी येऊन तिने हे सांगितले, तेव्हा तिने त्याची माफी मागितली असेल असे मला वाटले. ती माफी तिने पूर्वी त्याच्या खाटेपाशी मागितली होती, पण तेव्हा तो ऐकू शकत नव्हता. मी विचारले, की आता मागितलीस का? ती म्हणाली, "मागितली. तो म्हणाला, मशीन उघडलं आणि माझीच चूक सापडली, की मीही गिऱ्हाइकाला सांगत नाही. तुम्ही का सांगितलीत?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मोजे सुती घालत जा. जखम होऊ देऊ नका."

एवढे सांगून तिने आपले बूट काढले. मी घमेल्यात कोमट पाणी आणून ठेवले, आणि तिने दोन्ही पाय त्यात सोडले. तिची पाच मिनिटे अजून व्हावयाची होती, म्हणून मी पुढे काही विचारले नाही. पाणी गार झाले तेव्हा ती खुर्चीतच झोपलेली होती. मी तिचे पाय एकेक करून बाहेर काढले व पुसले. दहाही बोटे सुजलेली होती.